कॅमेऱ्यास न कळणारी गोष्ट

(नभोवाणीवरील भाषण)



छायाचित्रण हा निव्वळ डोळ्यांचा विषय. त्यावर नभोवाणीवरून बोलणें म्हणजे आमटीची चव पत्रानें कळविण्यासारखें आहे. आपल्यापुढें एकहि चित्र धरणें मला शक्य नाहीं. परंतु नवशिक्याचें अडतें तें बहुधा एका साध्या गोष्टीच्या अज्ञानापाशीं, आणि ती गोष्ट तोंडानें सांगतां येण्यासारखी आहे. एवढ्याच भरंवशावर मीं हा विषय घेतला आहे.

पूर्वीं कॅमेरा ही हौशी आणि सधन माणसाची वस्तु होती. छत्तीस चित्रांचें एक रीळ सबंध लग्नाला पुरवावें लागे, आणि त्यांतलें एखादें चित्र फुकट गेलें तरी यजमान हळहळे. आतां मोबाइलच्या रूपानें कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशांत आला आहे आणि चित्र घेण्यास वेगळा खर्च म्हणून उरलेला नाहीं. त्यामुळें एकेका घरांत हजारों चित्रें सांचलेलीं असतात. आणि तरीहि एक विलक्षण प्रसंग कित्येक घरांवर येतो. घरांतील वडील माणूस जातें. भिंतीवर लावण्यासाठीं, वर्तमानपत्रांत देण्यासाठीं त्याचें एक चांगलें चित्र हवें असतें, आणि त्या हजारोंतून एकहि धड सांपडत नाहीं. कोठें चेहरा अंधारांत गेलेला, कोठें हललेला, कोठें डोळे मिटलेले, तर कोठें कपाळावर दिव्याची चकाकी. अखेरीस कोणाच्या तरी लग्नांतील गर्दीचें चित्र शोधून त्यांतून आजीचा चेहरा तेवढा कापून मोठा करण्यांत येतो, आणि तो पुसट झालेला चेहरा पुढें वर्षानुवर्षें हार वागवीत भिंतीवर राहतो. कलावंत कसें व्हावें हें एका भाषणांत सांगतां येणार नाहीं. परंतु आपल्या माणसाचा चेहरा नीट कसा उतरवावा हें कोणासहि शिकतां येतें, आणि आजचें बोलणें तेवढ्यापुरतेंच आहे.

चित्रें चांगलीं येत नाहींत असें दिसलें म्हणजे माणूस प्रथम दुकानाकडे वळतो. तेथें त्याला मेगापिक्सेलचे आंकडे ऐकविण्यांत येतात. आपण थोडा हिशेब करूं. आडवे ४००० आणि उभे ३००० बिंदु मिळून एक कोटी वीस लाख बिंदूंचें, म्हणजे १२ मेगापिक्सेलचें चित्र होतें. कागदावरील उत्तम छपाईसाठीं इंचास ३०० बिंदु धरतात. ह्या मापानें तें चित्र सुमारें १३ इंच रुंद आणि १० इंच उंच छापतां येतें. दिवाणखान्यांतील चौकटीस ह्याहून मोठें चित्र क्वचितच लागतें, आणि एवढे बिंदु आतां साधारण मोबाइलमध्येंहि असतात. तेव्हां निदान पहिलें वर्षभर तरी जवळ असेल त्याच कॅमेऱ्यावर हात बसवावा. खर्च करावयाचाच तर एका मऊ सुती फडक्याचा करावा. मोबाइल दिवसभर हाताळला जातो; त्याच्या भिंगावर बोटांचा तेलकट ठसा उमटतो, आणि मग प्रत्येक दिव्याभोंवतीं धुक्याचें कडें दिसूं लागतें. पुष्कळशीं पुसट चित्रें ह्या एका फडक्यानें सुधारतात.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सिलिकनचा एक लहानसा पत्रा असतो, आणि त्यावर प्रकाश टिपणारीं असंख्य सूक्ष्म घरें असतात. पावसांत अंगणभर वाट्या मांडून ठेवाव्या तशी ही मांडणी आहे. झडप उघडी असेपर्यंत प्रत्येक वाटींत प्रकाशाचा पाऊस पडतो. झडप मिटली कीं कोणत्या वाटींत किती सांचलें तें मोजून आंकडा लिहिला जातो. आणि त्या आंकड्यांचें कोष्टक म्हणजेच आपलें चित्र. स्टीव्हन सॅसन ह्या तरुण इंजिनियरानें अमेरिकेंतील कोडॅक कंपनींत १९७५ सालीं असा स्वयंपूर्ण कॅमेरा प्रथम जुळविला, तेव्हां त्यांत अशा वाट्या होत्या अवघ्या दहा हजार, आणि एक काळेंपांढरें चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. वाट्यांची संख्या आज हजारपटीनें वाढली आहे. पण वाटीचा धर्म तोच आहे. वाटी एकदां भरली कीं वरचें पाणी वाहून जातें, आणि मग तेथें किती पाऊस पडला तें कोणीहि सांगूं शकत नाहीं. चित्रांतील जो भाग असा ओसंडून पांढराफटक झाला, त्यांतील तपशील मागाहून कोणत्याहि युक्तीनें परत येत नाहीं. उलट वाटींत चारच थेंब पडले असले, तर त्यांत शिंतोडा कोणता आणि खरा पाऊस कोणता हें ओळखणें कठीण. अंधारांत घेतलेल्या चित्रांवर रांगोळीच्या भुकटीसारखे जे रवाळ कण दिसतात, ते ह्यामुळें.

तर मग झडप किती वेळ उघडी ठेवावी? हें ठरविण्याचें काम कॅमेरा आपल्यासाठीं करतो, आणि येथेंच त्याच्या शहाणपणाची मर्यादा लागते. समोरून येणाऱ्या उजेडाची तो सरासरी काढतो, आणि ती सरासरी मध्यम करड्या रंगाची असली पाहिजे असें गृहीत धरून चालतो. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें १८ टक्के प्रकाश परत फेकणारा करडा रंग हें ह्या विद्येंतलें रूढ माप आहे. सर्वसाधारण देखाव्यास तें ठीक लागू पडतें: थोडें आकाश, थोडीं झाडें, थोडी माती, चार माणसें. देखावा सर्वसाधारण नसला म्हणजे हिशेब चुकतो. घरीं करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतों. एक पांढरी चादर आणि एक काळी छत्री घ्या. प्रथम सबंध चौकट चादरीनें भरेल एवढ्या जवळून एक चित्र घ्या. मग तसेंच छत्रीचें घ्या. चादर मळकट दिसेल आणि छत्री विटलेली दिसेल. कमीअधिक प्रमाणांत दोन्हीं करड्या होऊं पाहतील. कॅमेऱ्याला चादरहि माहीत नाहीं आणि छत्रीहि माहीत नाहीं. त्याला सरासरी कळते. समोरच्या देखाव्यांत आपल्याला प्रिय काय आहे तें कळत नाहीं.

आतां खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजीकडे पाहा. बाहेर दुपारचें ऊन आहे. आपल्या डोळ्यांना आजीचा चेहराहि दिसतो आणि बाहेरचा गुलमोहरहि दिसतो, कारण डोळा क्षणोक्षणीं स्वतःस जुळवून घेत असतो आणि मन दोन्हीं दृश्यें एकत्र करतें. ह्या जुळवाजुळवीची आपणांस जाणीवहि नसते. भर उन्हांत प्रकाशाचें माप एक लाख लक्सपर्यंत जातें, आणि रात्रीं दिवा लावलेल्या खोलींत तें शंभर-दोनशें लक्सच्या घरांत असतें. तरी दोन्हीं ठिकाणीं आपण वर्तमानपत्र वाचूं शकतों. कॅमेऱ्यास हें साधत नाहीं. त्याची सरासरी खिडकीमुळें वर ओढली जाते, तो झडप लवकर मिटून घेतो, गुलमोहर सुरेख येतो आणि आजीची नुसती काळी आकृति उरते. रंगमंचावर ह्याच्या अगदीं उलट होतें. काळ्या पडद्यापुढें प्रकाशाच्या झोतांत गायक बसलेला असतो. सरासरी खालीं जाते, झडप जास्त वेळ उघडी राहते, आणि गायकाचा चेहरा खडूसारखा होतो.

अलीकडचे मोबाइल चेहरा ओळखतात, एका दमांत अनेक चित्रें घेऊन तीं परस्पर जुळवितात, आणि त्यामुळें वरील दोष बराच झांकला जातो हें खरें. परंतु अशा चित्रांत पुष्कळदां आजीहि दिसते, गुलमोहरहि दिसतो, आणि उजेड कोठून येत आहे तेंच कळेनासें होतें. त्यापेक्षां यंत्राला आपली आवड स्वतः सांगावी. तशी सोय बहुतेक प्रत्येक कॅमेऱ्यांत असते. मोबाइलच्या पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. पुष्कळ मोबाइलांत तेथें सूर्याची खूण उमटते. ती वर सरकविली कीं चित्र उजळतें, खालीं सरकविली कीं मंद होतें. मोठ्या कॅमेऱ्यावर ह्याच कामासाठीं अधिक-उणें अशी खूण असलेली कळ असते. अधिक एक म्हणजे दुप्पट प्रकाश, उणें एक म्हणजे निम्मा. नवशिक्यास येथें एक गोष्ट उलटी वाटते. समोर पांढरें फार असेल तर अधिकाकडे जावयाचें, काळें फार असेल तर उण्याकडे. महाबळेश्वरचें धुकें, पांढरें पातळ नेसलेली आजी, चुना दिलेली देवळाची भिंत, ह्यांस अधिक. काळा कोट घातलेले वकील, रात्रींचा रंगमंच, ह्यांस उणें. पांढऱ्याला करडें करण्याची यंत्राची जी खोड, तिलाच आपण उलट दिशेनें ओढावयाचें आहे. एवढ्या एका कळीची संवय लागली तर निम्में शिक्षण झालें असें मी म्हणेन.

'मध्यम' कशाला म्हणावें ह्याचा इतिहास मात्र अगदीं निष्पाप नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रंगीत चित्रें छापणाऱ्या प्रयोगशाळांना आपलीं यंत्रें जुळवून घेतां यावीं म्हणून कोडॅक कंपनी नमुन्याचीं चित्रें पुरवीत असे. त्यांवर एका गोऱ्या तरुणीचें चित्र असे, आणि त्यांना शर्ली कार्ड हें नांव पडलें होतें. त्या तरुणीचा वर्ण नीट उतरला कीं यंत्र नीट चाललें असें समजत. सांवळ्या माणसांचा वर्ण त्या हिशेबांत नव्हता. गोरीं आणि काळीं माणसें एकाच चित्रांत आलीं तर काळ्यांचे नाकडोळे हरवून जात. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलीं कार्डें १९९० नंतरच्या दशकांत निघालीं, आणि सांवळे वर्ण खरेपणानें उतरावे म्हणून गूगल कंपनीनें आपल्या मोबाइलांत खास योजना केली ती २०२१ सालीं. आपल्याकडे तर सांवळा वर्ण हाच नेमाचा. आणि तरी कित्येक मोबाइलांतील 'सौंदर्य' नांवाची सोय न विचारतां चेहरा गोरा करते आणि सुरकुत्या पुसते. ती सोय शोधून बंद करून ठेवावी. सत्तर वर्षांत मिळविलेल्या सुरकुत्या एका बोटासरशीं पुसून टाकण्याचा अधिकार यंत्राला कोणीं दिला? सांवळा चेहरा रंगवून उजळ करण्याची गरज नाहीं. त्यावर पुरेसा उजेड पडूं द्यावा, म्हणजे तो आपल्या रंगानें सुंदर दिसतो.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबूं. खिडकीच्या प्रसंगांत कळ सरकविण्यापेक्षांहि सोपा उपाय होता. आजीची खुर्ची अशी वळवावी कीं खिडकी तिच्या पाठीमागें न राहतां एका बाजूस आणि किंचित् पुढें येईल. आपण स्वतः खिडकीच्या भिंतीशीं लागून उभें राहावें. एका गालावर उजेड पडतो, दुसऱ्या गालावर हलकी छाया उतरते, नाकाचा उठाव दिसतो, आणि डोळ्यांत खिडकीचें लहानसें प्रतिबिंब चमकतें. त्या प्रतिबिंबानें चेहरा जिवंत होतो. तें नसलें कीं डोळे विझल्यासारखे वाटतात. छायेची बाजू फारच काळी वाटली तर तिकडून कोणीतरी एक धुतलेलें पांढरें धोतर किंवा पांढरा पुठ्ठा धरावा. त्यावरून परतलेला उजेड छायेंत शिरतो. ह्या कामासाठीं बाजारांत मिळणारीं महागडीं साधनें ह्याहून फारसें वेगळें कांहीं करीत नाहींत.

उजेड मऊ कीं कठीण हें दिव्याच्या तेजापेक्षां त्याच्या दिसण्यांतील आकारमानावर अवलंबून असतें. सूर्य प्रचंड खरा, पण तो आपल्यापासून इतका दूर कीं आकाशांत रुपयाएवढाच दिसतो. म्हणून त्याची सांवली धारदार पडते. भर दुपारीं तो डोक्यावर असतांना भिवयांची सांवली खालीं उतरते आणि डोळ्यांच्या जागीं दोन खळगे उरतात. सहलीला गेलेली मंडळी नेमकी ह्याच वेळीं, जेवणापूर्वीं, चित्रासाठीं रांगेनें उभी राहते! सूर्यावर ढग आला कीं सबंध आकाश हाच एक मोठा दिवा होतो आणि छाया विरघळून जातात. श्रावणांतला ढगाळ दिवस देखाव्याला उदास वाटेल, चेहऱ्याला मात्र त्यासारखा दुसरा दिवस नाहीं. ऊन कडक असेल तर माणसाला गच्चीवरून पडवींत, व्हरांड्याच्या कडेला किंवा इमारतीच्या सांवलींत घ्यावें. अंग सांवलींत, पण तोंड उघड्या आकाशाकडे. झाडाखालीं उभें केलें तर उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडणार नाहींत एवढें पाहावें. रात्रीं घरांत छताचा दिवा हाच दुपारचा सूर्य होतो. त्याच्या बरोबर खालीं कोणासहि बसवूं नये, दिवा थोडा समोर येईल असें मागें सरकवावें. आणि दिव्याजवळ जाण्याचा लाभ आपल्या अपेक्षेहून मोठा असतो. लहान दिव्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाईवर येतो. अंतर निम्में केलें कीं चौपट होतो. टेबलावरच्या दिव्यापासून चार हात दूर बसलेल्या मुलाला दोन हातांवर आणणें हें नवा कॅमेरा घेण्यापेक्षां पुष्कळ स्वस्त आहे.

हललेल्या चित्रांचें कारणहि बहुधा उजेडाची टंचाई हेंच असतें. उन्हांत झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली तरी चालतें. रात्रीं खोलींत तीच पंधराव्या भागापर्यंत उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्यांत धांवतें मूल वीतभर पुढें जातें. धांवत्या मुलास १/५००, चालत्या माणसास १/२५०, स्वस्थ बसलेल्यास १/१२५ सेकंद हें साधारण पुरतें. मोठ्या कॅमेऱ्यांत झडपेचा वेळ कमी करून भिंगाचें छिद्र मोठें करतां येतें. छिद्राचे आंकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. आंकडा मोठा तर छिद्र लहान, ह्यानें नवशिके बुचकळ्यांत पडतात. पण हे आंकडे अपूर्णांकाचे छेद आहेत एवढें ध्यानांत घेतलें कीं झालें. एक चतुर्थांश पोळी एक अष्टमांशाहून मोठी असते हें घरांतलें मूलहि सांगेल. मोबाइलांत बहुधा छिद्र कायमचें ठरलेलें असतें, तेव्हां तेथें हा प्रश्न निघत नाहीं. तिसरा मार्ग आयएसओ नांवाच्या आंकड्याचा. तो १०० वरून २००, ४००, ८०० असा वाढविला म्हणून वाटींत पाणी वाढत नाहीं. मोजलेलें पाणी गुणून मोठें दाखविलें जातें, आणि त्याबरोबर शिंतोडेहि मोठे होतात. जाणकार मंडळी ह्या रवाळपणाला फार भितात. माझें मत असें कीं नवशिक्यानें भिऊं नये. रवाळ पण स्थिर चेहरा चौकटींत लावतां येतो. नितळ पण हललेला चेहरा टाकूनच द्यावा लागतो.

अंतराविषयीं थोडेंसें. चेहरा मोठा यावा म्हणून कित्येक जण मोबाइल अगदीं नाकाशीं नेतात. हातभर अंतरावरून नाक कानांपेक्षां बरेंच जवळ असतें. म्हणून तें फुगतें आणि कान मागें दडतात. दोष भिंगाचा नसून अंतराचा आहे. चार पावलें मागें यावें, आणि मोबाइलला दूरचें जवळ आणणारें दुसरें भिंग असेल तर तें वापरावें. नसेल तर चित्र मागाहून थोडें कातरावें. मुलाचें चित्र घेतांना मुलाच्या उंचीवर खालीं बसावें. आणि कळ दाबण्यापूर्वीं क्षणभर माणसाकडे न पाहतां चौकटीच्या चारहि कोपऱ्यांकडे नजर फिरवावी. डोक्यांतून उगवलेला विजेचा खांब, पाठीमागचें कॅलेंडर, कोपऱ्यांतली केरसुणी ह्या गोष्टी आपलें मन गाळून टाकतें. कॅमेरा गाळीत नाहीं.

उजेडाला रंगहि असतो. पणतीची ज्योत तांबूस-पिंवळी, साधा बल्ब त्याहून किंचित् पांढरा, दुपारचें ऊन पांढरें, सांवली निळसर. शास्त्रज्ञ हा फरक केल्विन ह्या मापानें मोजतात: ज्योत सुमारें १९००, बल्ब २८००, दुपारचें ऊन ५५००, आणि निळ्या आकाशाखालील सांवली ७००० च्याहि वर. आपलें मन हा फरक परस्पर पुसून टाकतें. कॅमेराहि तसाच पुसूं पाहतो, आणि दिवाळींत नेमकें तेंच नडतें. पणत्यांची रांग पांढुरकी होते. अशा वेळीं रंगाची योजना आपोआप न ठेवतां 'ऊन' ह्या खुणेवर ठेवावी, म्हणजे ज्योतीचें सोनें राहतें. फ्लॅश तर मुळींच लावूं नये. त्यानें पणत्यांचा उजेड धुऊन जातो आणि दारांत पोलीस तपासाला आल्यासारखें दृश्य दिसतें. पणत्या आणि आकाशकंदील टिपण्याची खरी वेळ भर रात्रीची नाहीं. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनीं आकाशांत गडद निळा उजेड अजून शिल्लक असतो, आणि तो दिव्यांच्या उजेडाशीं तुल्यबळ होतो. गॅलरीचा कठडा, तुळस, रांगोळी, दारांतलीं माणसें, सारें एकाच चित्रांत दिसतें. तो काळ फार थोडा असतो. पणत्या नेहमींपेक्षां लवकर लावाव्या लागतील. त्याबद्दल स्वयंपाकघरांतून आधींच परवानगी मिळवावी हें बरें.

चित्रें किती घ्यावीं? भारतांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत शिकल्या. त्या वापरीत त्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यांत एका रिळावर बाराच चित्रें बसत. पंडित नेहरूंसारख्या चपळ माणसाचीं चित्रें घेतांना उजेड, जागा आणि क्षण ह्यांचा विचार मनांत तयार ठेवावा लागत असला पाहिजे. आपल्यापाशीं ती टंचाई नाहीं. म्हणून आपण शंभर घेतों, आणि त्यांत एकहि तयारीनें घेतलेलें नसतें. पुष्कळ घेण्यांत दोष नाहीं. डोळे मिटण्याचा संभव असतो, तेव्हां पांच-सहा घ्यावींच. पण आधीं उजेड, जागा आणि पाठीमागची बाजू ठरवून टाकावी, आणि मग सगळें लक्ष माणसाकडे द्यावें. 'हांसा' असें म्हणूं नये. म्हटलें कीं माणूस दांत दाखवितो. आजीच्या हातांत नेहमींचें काम द्यावें. ती वाती वळील, मेथी निवडील, नातीची वेणी घालील. हात गुंतले कीं चेहरा मोकळा होतो. मग तिला माहेरची एखादी जुनी गोष्ट विचारावी. ती बोलत असतां घाई करूं नये, कारण बोलतांना तोंड वेडेंवांकडें येतें. सांगून झाल्यावर ती क्षणभर थांबते, तेव्हां कळ दाबावी. तिनें नको म्हटलें तर त्या दिवशीं राहूं द्यावें.

निवड त्याच आठवड्यांत करावी. वीसांतून दोन ठेवावीं आणि बाकीचीं निर्दयपणें पुसावीं, नाहींतर तीं दोन पुन्हां कधीं हातीं लागणार नाहींत. मोबाइल हरवतो, पाण्यांत पडतो, बिघडतो. म्हणून ठेवलेल्या प्रत्येक चित्राच्या आणखी दोन प्रती तरी असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, मग ती पुतण्याकडे ठेवलेल्या डिस्कवर असो किंवा इंटरनेटवरील सांठवणींत असो. नातेवाईकांना संदेशांतून पाठविलेलें चित्र ही प्रत समजूं नये. पाठवितांना तें बहुधा आकसून लहान केलें जातें, आणि तेंच पुढें चौकटींतल्या पुसट आजीच्या रूपानें घरीं परत येतें. वर्षाकांठीं दहा-बारा चित्रें कागदावर छापून घ्यावीं. मागच्या बाजूस कडेला मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें, नांव, गांव आणि साल लिहावें. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. कागद गुळगुळीत असून पेन्सिल उठत नसेल तर चित्र पाकिटांत घालून पाकिटावर लिहावें. नुसतें 'आजी' असें लिहूं नये. तिचें पूर्ण नांव लिहावें, माहेरचेंहि लिहावें. पन्नास वर्षांनीं तें चित्र ज्याच्या हातीं पडेल त्याला, ही कोणाची आजी, असें विचारावयास घरांत कोणी असेलच असें नाहीं.